छोट्या जहाजाने अंतराळात कसं हिंडावं
महागाव तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका, चित्रांशिवाय

ज्यांना संगणकावरच्या खेळात अंतराळयान चालवायचं आहे, पण मोठं यान घ्यायचं नाही, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. मोठं घ्यायचं असेल तर ती इथेच मिटावी. मोठ्या जहाजांचे सल्लागार गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा सल्ला एकच: हे विका, ते घ्या, ते विकून त्याहून मोठं घ्या. त्या वाटेने माणूस उत्तम दलाल होतो. जहाज चालवायचं तेवढं राहून जातं.

पात्रता आणि साहित्य

वयाची अट नाही. शिक्षणाची तर नाहीच. डावं-उजवं मात्र कळलं पाहिजे, आणि वर-खाली कळत असेल तर ते विसरता आलं पाहिजे, कारण अंतराळात ते नसतं.

साहित्य असं: ‘एलिट डेंजरस’ हा 2014 चा खेळ चालेल असा संगणक, मोबाइलवरून का होईना पण नेट, आणि इन्व्हर्टर. डाउनलोड रात्री लावून झोपावं. जॉयस्टिक असली तर उत्तम, नसली तर कीबोर्ड पुरे; फक्त त्यात चिवडा सांडलेला नसावा. हंगाम कोणताही चालतो, पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरच्यांसमोर आकाशगंगेचं नाव काढू नये.

आकाशगंगा हा शब्द इथे अलंकारिक नाही. खेळात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने मांडली आहे, सुमारे 400 अब्ज तारामंडळांसकट. सगळी बघून होणार नाहीत. तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही, हे पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकावं.

जहाज कसं निवडावं

निवडू नये. खेळ सुरू होताच जे पदरात पडतं ते ‘साइडवाइंडर’ घ्यावं आणि गप्प बसावं. चपटं, त्रिकोणी, दोन बारक्या तोफा, सामानाला जेमतेम चार टन जागा. बाजारभाव 32,000 क्रेडिट, पण तुम्हाला फुकट. अंतराळातली लुना म्हणा: कुठल्याही बोळात शिरते, कुणी चोरत नाही, आणि चालवणाऱ्याला कुणी साहेब म्हणत नाही.

“काहून बे, एवढंसंच?” असं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मागे उभं राहून विचारेल. त्याला इतिहास सांगावा. पहिलं ‘एलिट’ 1984 चं. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ते बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिलं, ज्याची सगळी मेमरी मिळून 32 किलोबाइट होती. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत 256 तारामंडळं. खेळणाऱ्याच्या हातात 100 क्रेडिट आणि ‘कोब्रा मार्क थ्री’ नावाचं एक जहाज. ते बदलायची सोयच नव्हती. तोफ बदला, क्षेपणास्त्रं लावा, काय हवं ते करा, जहाज तेच. त्या एका जहाजात बसून लोक ‘हार्मलेस’ या सगळ्यात खालच्या पायरीवरून 6,400 जहाजं पाडून ‘एलिट’ झाले. जहाज बदलायची सोय 1993 च्या ‘फ्रंटियर’मध्ये आली, आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याच्या जहाजाकडे बघायची सवयही.

विचारणारा एवढ्यात निघून गेलेला असतो. नसेल तर पुढचा भाग ऐकवावा.

हिशेब

हे प्रकरण नीट वाचावं. परीक्षेत प्रश्न यावरच येतो.

जहाज फुटलं की विमा लागू होतो. जहाज आणि त्यावर बसवलेली सगळी यंत्रं यांच्या किमतीच्या 5 टक्के भरले की तेच जहाज परत मिळतं. आता ‘अ‍ॅनाकोंडा’ हे जहाज घ्या, ज्याची स्वप्नं सगळ्यांना पडतात. नुसती किंमत 14 कोटी 69 लाख क्रेडिट. एकदा फुटलं की 73 लाखांच्या वर गेले, तेही त्यावर काही न चढवता. आणि न चढवता भागत नाही. दुकानातून निघालेलं अ‍ॅनाकोंडा म्हणजे मोठं घर, पोकळ वासा. इंजिन, ढाल, एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या झेपेचं यंत्र, सगळं खालच्या दर्जाचं. ते बदलत बदलत किंमत फुगते आणि तिच्यामागे विम्याचा आकडाही फुगतो.

जुन्या खेळाडूंची एक आज्ञा आहे: विम्याचे पैसे खिशात नसतील तर उडू नये. मोठ्या जहाजाचा मालक ती इतकी मनावर घेतो की तो उडतच नाही. उडालाच तर विम्याचे पैसे जमवायला उडतो. एका तळावरून माल उचल, दुसऱ्यावर टाक, परत ये. जहाज त्याचं, पण दिवसभर राबतो तो जहाजासाठी.

साइडवाइंडर फुटलं तर? दुसरं साइडवाइंडर. फुकट. आणि अ‍ॅनाकोंडावाल्याकडे विम्याला पैसे नसले तर खेळ त्याला काय देतो? साइडवाइंडर. शेवटी सगळे इथेच येणार. तुम्ही आधीपासून हजर आहात एवढंच.

खरा फायदा पैशाचा नाही, हिमतीचा आहे. या खेळात ‘फ्लाइट असिस्ट’ नावाचं एक बटण असतं. ते बंद केलं की जहाज न्यूटनच्या पहिल्या नियमाने चालतं: नाक कुठेही वळवा, धूड आधीच्याच दिशेने घसरत राहतं. म्हणजे पुढे पळता पळता मागे वळून तोफ डागता येते. हे एकदा अंगात मुरलं की खेळ पूर्ण वेगळा होतो. पण मुरेपर्यंत तुम्ही लघुग्रहांवर आपटणार, तळाच्या भिंतींवर आपटणार. 73 लाख डोक्यावर टांगलेले असताना हे बटण कोण दाबेल? मी पाहिलेले बहुतेक मोठे जहाजवाले ते कुठे आहे हेही सांगू शकत नाहीत.

उतरणं

मोठा अंतराळतळ स्वतःभोवती फिरत असतो आणि दार म्हणजे एक आडवी चीर. साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर उतरायची परवानगी मागावी. न मागता घुसू नये, तिथल्या तोफा विचारपूस करत नाहीत. जहाजाचा आणि दाराचा फिरण्याचा वेग जुळवून घ्यावा, हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवावेत, वेग 100 च्या खाली. मग चाकं, म्हणजे पाय, बाहेर काढावेत. ते काढायचे राहिले की जहाज धक्क्यावर बेडकासारखं उड्या मारतं आणि आपण खेळालाच शिव्या घालतो.

धक्के तीन मापांचे असतात. लहान जहाज तिन्हींवर उतरतं, मोठं फक्त मोठ्यावर. आडवळणाच्या छोट्या तळांवर मोठा धक्का नसतोच. दारात एखादं अवाढव्य जहाज तिरकं होऊन अडकलेलं दिसलं तर थांबू नये, त्याच्या पोटाखालून निघून जावं. हात दाखवायची सोय खेळात नाही; मनातल्या मनात दाखवावा.

आपोआप उतरवणारं यंत्रही मिळतं. ते काम करताना योहान स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ वाजवतं. ऐकायला एकदा लावावं, मग काढून टाकावं. त्याची जागा सामानाला बरी.

वीज गेल्यास

इन्व्हर्टरने साथ दिली तर ठीक. नाही दिली तर जहाज त्या जगातून नाहीसं होतं आणि वीज आल्यावर पुन्हा तिथेच सापडतं. अडचण एवढीच की ऐन लढाईत वीज गेली तर समोरच्या खेळाडूला वाटतं तुम्ही हरायला लागल्यावर वायर ओढून पळालात. या मंडळींत ते फार हलकं मानतात. खुलासा करत बसू नये. आमच्याकडे थ्री-फेज कोणत्या दिवशी रात्रीची असते आणि कोणत्या दिवशी दिवसाची, हे स्वीडनच्या माणसाला इंग्रजीत समजावणं त्याला हरवण्यापेक्षा अवघड आहे.

इंधन

साइडवाइंडरची टाकी दोन टनांची आणि झेप लहान, मूळ रूपात सात-आठ प्रकाशवर्षांची. तेव्हा ‘फ्युएल स्कूप’ बसवून घ्यावा आणि ताऱ्याच्या कडेकडेने जात त्याच्यातूनच इंधन ओढावं. फार जवळ गेल्यास जहाज तापतं. फार लांब राहिल्यास काहीच होत नाही.

पण सगळे तारे इंधन देत नाहीत. देतात ते सात वर्ग: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. हा क्रम खेळवाल्यांनी बनवलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन यांनी तो लावला, सर्वांत तापलेल्या निळ्यापासून थंड तांबड्यापर्यंत. पाठ करायला इंग्रजीत वाक्यं आहेत, ती आपल्या कामाची नाहीत. महागावकरांनी असं म्हणावं: ओ बाप्पा, आता फुलसावंगी, गुंज, काळी, महागाव. सात शब्द, सात वर्ग. आपला सूर्य ‘जी’, म्हणजे गुंजेला. महागावाच्या वाट्याला तांबडे मंद तारे आले आहेत. वाईट वाटून घेऊ नये, आकाशगंगेत संख्येने तेच सगळ्यात जास्त आहेत आणि टाकी तिथेही भरते. या ओळीबाहेरचा तारा दिसला की मात्र टाकीकडे बघून मगच झेप घ्यावी.

इंधन संपलंच तर ‘फ्युएल रॅट्स’ या नावाची खेळाडूंची मंडळी आहे. कुणी कुठेही अडकला तरी येऊन टाकी भरून देतात, मोबदला घेत नाहीत. जहाज कोणतं हे विचारतात, पण लहान आहे म्हणून हसत नाहीत.

फुलसावंगीचं नाव आलं की या तालुक्यात थट्टा थांबते. तिथल्या एका तरुण कारागिराने आपल्या हाताने एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बांधलं होतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याची चाचणी घेताना पातं लागून तो गेला. त्याला दुसरं यंत्र फुकट मिळणार नव्हतं. या मार्गदर्शिकेत जिथे जिथे आपटण्याची गोष्ट आहे ती पडद्यापुरती आहे, हे गमतीत न घेता वाचावं.

भांडण झाल्यास

पळावं. साइडवाइंडर बूस्ट मारल्यावर सेकंदाला 320 मीटरने जातं, अ‍ॅनाकोंडा 240 ने. मोठं जहाज जवळ असलं की त्याच्या वजनामुळे तुमचं झेपेचं यंत्र हळू भरतं, पण हे त्याच तारामंडळात पळताना. दुसऱ्या ताऱ्याकडे थेट झेप घेतली तर त्याचं वजन आड येत नाही. नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही, कारण सांगणारे स्वतः मोठ्या जहाजात बसलेले असतात.

लहान जहाज लढाईत कुचकामी असतं असं कुणी म्हणालं तर ‘ईव्ह ऑनलाइन’ या दुसऱ्या खेळाचा दाखला द्यावा. तिथेही नवशिक्याला फुकट जहाज मिळतं, आणि नवखी पोरं स्वस्तातली फ्रिगेट घेऊन मोठ्या जहाजाला चिकटतात, त्याचं पळण्याचं यंत्र जाम करून ठेवतात आणि बाकीचे येईपर्यंत धरून बसतात. याच खेळात जानेवारी 2014 मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या तारामंडळात एकाच लढाईत 75 टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात महाग जहाजं, भंगारात गेली. कारण काय? त्या मंडळाच्या ताब्याचं ठरावीक भाडं भरायचं राहून गेलं. एका थकलेल्या बिलापायी एवढं रामायण झालं. त्या लढाईत फुकटच्या जहाजात फिरणाऱ्या कुणाचंही काही गेलं नाही.

नातेवाईक

पुण्याचा चुलतभाऊ दिवाळीत येईल आणि “दादा, अजून साइडवाइंडरच?” म्हणेल. हो म्हणावं. फार मागे लागला तर ‘हॉलर’ घेण्याची मुभा आहे, तेही लहानच. त्यापुढे नाही.

हटनची वारी

जुने खेळाडू नवशिक्याला हमखास सांगतात: अल्फा सेंटॉरीला जा, हटन ऑर्बिटल तळावर अ‍ॅनाकोंडा फुकट मिळतं. तिथे पोचल्यावर कळतं की मुख्य ताऱ्यापासून तळ 0.22 प्रकाशवर्षं दूर आहे, आणि सरळ रेषेत, काहीही न करता, नुसतं जायलाच सुमारे दीड तास लागतो. शेवटी अ‍ॅनाकोंडा नसतंच. असतं तरी काय करणार होता? तिथे मोठ्या जहाजाचा धक्काच नाही.

आमचा सल्ला: जावं. मे महिन्यातली दुपार या कामाला उत्तम, नाहीतरी बाहेर पडता येत नाही. नाक तळाच्या दिशेला धरावं, वेग पूर्ण ठेवावा, आणि उठून चहा ठेवावा, जेवून घ्यावं, कुणाला फोन करायचा राहिला असेल तर करावा. पोचायला सात सेकंद उरले की वेग पाऊणपट करावा. चुकलात तर तळ मागे पडतो आणि वळसा घेऊन परत यावं लागतं. उतरल्यावर बाजारात ‘हटन मग’ नावाचे मग मिळतात, ते चार टनांत मावतील तेवढे भरून घ्यावेत. परतीला पुन्हा दीड तास घालवायची गरज नाही, तिथूनच दुसऱ्या ताऱ्याकडे झेप घेता येते. निघण्याआधी टाकी तेवढी भरून घ्यावी. जाताना वाटेत ना गुंज लागते, ना काळी.