खोडलेलं कुठे जातं?

"तेवीसची तीन केली," म्हणत भावाने लाडवांचा डबा बाजूला सारला आणि टेबलावर वही उघडली.

ताईने आधी डबा जागेवर आणला, मग वहीकडे पाहिलं. जाड पांढरंशुभ्र पान, मधोमध तीन ओळी, बाकी सगळं कोरं. "केवढ्याला पडली ही वही?"

"ताई, मुद्दा तो नाहीये."

"म्हणजे चार आकडी."

"तीन आकडी. नऊशे नव्याण्णव."

हा भाऊ बाणेरपासून पवईपर्यंत कुठेही भेटतो. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, मनगटावर झोपेलाही गुण देणारं घड्याळ आणि गेल्या एकतीस डिसेंबरला केलेले तेवीस संकल्प. त्याचा सगळा दोष त्याला देता येणार नाही. ध्येयं कशी मोजता येण्याजोगी, मुदतबंद असावीत याचं 'स्मार्ट' नावाचं सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मॅनेजर लोकांसाठी मांडलं. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी उद्दिष्टं आणि त्यांची मोजमापं यांची पद्धत बसवली, ती जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला नेऊन दिली. तिथून ती हिंजवडीला आली आणि हिंजवडीहून बाणेरच्या फ्रिजवर चिकटली. दिवसभर कंपनीची उद्दिष्टं गाठून घरी आलेल्या माणसाला फ्रिज उघडतानाही उद्दिष्टच दिसू लागलं, तर तो कधीतरी रबर हातात घेणारच.

"यादी लांब असणं हीच अडगळ आहे," भाऊ म्हणाला. "आपण कपाट आवरतो, डोकं आवरत नाही. आधी अर्धमॅरेथॉन खोडली."

"एकवीस किलोमीटर?" वर्तमानपत्राआडून भावजींनी विचारलं. "मागे तू मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनवर आला होतास ना? ती सहाच्या आसपास असते."

"ती पण खोडली. आता फक्त चालणं."

"ते कुठंय?" ताईने पान न्याहाळलं.

"ते 'स्वतःसाठी वेळ' यात येतं. मग जर्मन खोडलं. प्रत्येक नामाला लिंग आहे गं, तेही तीन तीन."

"मराठीलाही तीनच आहेत. ती तुला कोणत्या अ‍ॅपने शिकवली?"

भावाने उत्तर दिलं नाही. पुढचं पान उलटून त्याने खोडलेल्या वीस गोष्टी दाखवल्या. प्रत्येकीवर पट्टी लावून सरळ रेघ मारलेली होती. गच्चीतली बाग. सोसायटीच्या मीटिंगा. गणपतीत गावाला जाणं. बाबांच्या फ्लॅटचे कागद.

"थांब," ताई म्हणाली. "फ्लॅटचे कागद खोडलेस, म्हणजे ते गेले कुठे?"

"गेले म्हणजे? माझ्या डोक्यातून गेले."

"तुझ्या डोक्यातून निघाले, ते ठीक. पोचले कुठे?"

ताई माध्यमिक शाळेत शिकवते, उत्तर टाळलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायची तिला सवय आहे. भावाने विषय परदेशात नेला. "स्टीव्ह जॉब्ज बघ. रोज तोच काळा टर्टलनेक. कपड्यांचा विचारच नाही."

"तोच नव्हे, तसाच," भावजी म्हणाले. "इसे मियाके यांनी त्याला शंभरेक शिवून दिले होते. आयझॅकसनच्या चरित्रात आहे."

"शंभर! मग कपाट काय लहान असेल?"

"बरं, जॉब्ज सोडा. थोरो घ्या. वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं दोन महिने एकटा राहिला. घराचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट, खिळ्यांसकट हिशेब लिहिलाय."

"आणि जमीन?"

"जमीन इमर्सनची होती," भावाने कबूल केलं.

"आणि जेवण?"

"पिकवायचा की. घेवडा लावला होता त्याने."

"आणि घेवड्याचा कंटाळा आला की आईकडे," भावजींनी भर घातली. "गाव पायी जाण्याच्या अंतरावर होतं. कपडेही घरीच धुतले जायचे म्हणतात."

"बघ," ताई म्हणाली. "त्याने खोडलेलं कुठे गेलं ते निदान कळलं. त्याच्या आईकडे."

इथे भावाने खरं तर वही मिटायला हवी होती. पण नऊशे नव्याण्णवची वही इतक्या लवकर मिटत नाही. "तुम्हाला काढून टाकण्यातला आनंदच कळलेला नाही. मारी कोंडोने जगाला हेच शिकवलं."

"शिकवलं खरं. आणि तिसरं मूल झाल्यावर, २०२३ साली, तिनेच सांगून टाकलं की घर आवरण्याचा नाद आता बराचसा सोडलाय."

"त्यालाही मिनिमलिझमच म्हणतात! तिने यशाची व्याख्या बदलली."

"असं चालतं होय? नववी 'ब'ला सांगते. गणितात नापास झालात तर गणित खोडा."

"तूही करून बघ ना, ताई. तुझी यादी काढ आणि निम्मी खोड."

"माझी यादी सरकारनेच आवरून दिलीय. शिक्षण हक्क कायदा, कलम २७. शिकवण्यापलीकडची कामं शिक्षकांना देऊ नयेत. फक्त जनगणना, आपत्तीतली मदतकार्यं आणि निवडणुका सोडून. आता यातलं काय खोडू? आपत्ती?"

भावजी हसले आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे आता ते मध्ये पडणार. "त्याचं अगदीच चुकत नाहीये गं. एकच ध्येय धरून चालणारी माणसं होतीच की आपल्याकडे. महर्षी कर्वे."

"कर्वे!" भावाला बुडताना फळी सापडली. "तेच म्हणतोय मी. एक माणूस, एक ध्येय."

"घेऊ या कर्वे," ताईने खुर्ची ओढली. "फर्ग्युसनला गणित शिकवायचं आणि हिंगण्याची वाट पायी तुडवायची. १८९६ला आश्रम, १९१६ला महिला विद्यापीठ, १९५८ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. मान्य. आता त्यांच्या बायकोचं, बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' वाच. कर्व्यांच्या एका ध्येयाबाहेर जो संसार उरला, तो कुणाच्या अंगावर पडला ते त्यात आहे."

"पण ताई, कर्व्यांना रोज घरी बसवून 'हे कुठे गेलं, ते कुठे गेलं' विचारलं असतं, तर आश्रम झाला असता का?"

प्रश्न बिनतोड होता. ताईलाही क्षणभर काही सुचलं नाही. एका दिशेने चाललेल्या माणसाकडून बाकीच्या दिशांचा हिशेब मागितला तर तो पोचेलच असं नाही, आणि ही गोष्ट बायांनाही कळत होती. तिने वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं.

"बरोबर. आश्रम झाला नसता. तू काय काढतोयस? 'एक, पुरेशी झोप.'"

भावजींनी वर्तमानपत्र परत उचललं.

"'दोन, एका वेळी एकच काम. तीन, स्वतःसाठी वेळ.' आणि खाली यशाची व्याख्या. 'संध्याकाळी सात वाजता हातात एकही काम शिल्लक नसणं.' छान आहे. माझ्याकडे सातला तुझी शिल्लक असतात."

"कुठली माझी?"

ताईने पान उलटलं आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. 'आईचे डोळे, दर तीन महिन्यांनी.' इथेही रेघ पट्टी लावूनच मारलेली होती.

"ते 'डॉक्टर' या अर्थाने खोडलंय. पैसे मी पाठवतोच."

"पैसे बँक पाठवते, दर पाच तारखेला. तुला ते लक्षातही ठेवावं लागत नाही. काचबिंदू आहे तिला. थेंब दिवसातून दोनदा. फील्ड टेस्टला दिवा दिसला की बटण दाबायचं असतं, तर ती दिसला नाही तरी दाबते, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. शेजारी बसून सांगावं लागतं, आई, दिसला तरच. ते कोण सांगतं?"

"तू जवळ राहतेस."

"जवळ राहणं हे मी ध्येय म्हणून लिहिलं नव्हतं."

"प्रत्येक गोष्ट माझ्यावर का आणतेस? मजा म्हणून खोडली का मी यादी? मार्चपासून बीपीची गोळी चालू आहे मला."

ताईचं बोट चौदाव्या ओळीवरच राहिलं. "मला नाही सांगितलंस."

"सगळ्यांना सांगत बसणं हेही एक कामच असतं."

"सगळ्यांना? मी सगळ्यांतली का?" तिचा आवाज चढला. "किती होतं?"

"एकशे पन्नासच्या वर. सोड ना."

"सोडतेच आहे. तुझं सगळं सोडलेलं माझ्याकडेच येतं, हेही येऊ दे."

"बघ, म्हणून नाही सांगत मी काही."

"अरे, आता दोघंही जरा," भावजींनी सुरुवात केली. पण दोघांनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं.

आतून आईने हाक मारून विचारलं, यावेळी कोण येतंय दवाखान्यात, म्हणजे तशी साडी काढायला.

"आठ तारीख," ताई म्हणाली. "सकाळी साडेदहा."

भावाने फोन काढला. "आठला शुक्रवार आहे. शुक्रवारी रिव्ह्यू असतो."

"मग तो खोड."

"तो माझ्या यादीत नाहीये, ताई. मॅनेजरच्या यादीत आहे."

"म्हणजे तेवढाच राहिला."

"नऊला चालेल मला."

"नऊला शनिवार. शनिवारी ते डॉक्टर ठाण्याला बसतात."

"मग ठाण्याला नेऊ."

"नेऊ म्हणजे कोण?"