पेव्हरवाले भाऊ

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीनं आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं की भाऊंना बोलवावं लागत नाही, भाऊ येतात. वॉचमन, टँकरवाला किंवा शेजारच्या सोसायटीचा माळी, कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलंच असतं. त्यांचं पूर्ण नाव फक्त चेक लिहिताना लागतं. अंगात पांढरा शर्ट, कपाळाला गंध, गाडीच्या डिकीत कायम एक नारळ. काम कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, पण मुहूर्त चुकता कामा नये.

डिकीत टेप मात्र नसतो. भाऊ मोजमाप चालून घेतात. फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी झापत गेटपासून पंपरूमपर्यंत एक फेरी मारतात आणि म्हणतात, ‘पाच हजार फूट धरा.’ टेप निघतो बिलाच्या वेळी. तेव्हा तो झाडांची आळी आणि चेंबरची झाकणंसुद्धा मोजून घेतो.

सोसायटीला तीन कोटेशनं लागतात, हे भाऊंना सेक्रेटरींच्या आधी ठाऊक असतं. ‘तुम्ही कुठं उन्हात फिरता साहेब? तिन्ही मीच आणून देतो.’ तीन वेगळी लेटरहेडं येतात, तीन वेगळे शिक्के येतात, आणि तिन्हींत ‘लेव्हल’ हा शब्द ‘लेवहल’ असा लिहिलेला असतो. सगळ्यात कमी दर अर्थातच भाऊंचा. कमिटी एकमेकांकडं समाधानानं बघते.

भाऊंची खरी विद्वत्ता सर्वसाधारण सभेत दिसते. झिगझॅग, डंबल, आय शेप असे नमुने ते टेबलावर मांडतात आणि चहाचा कप घेऊन मागं सरकतात. पुढचे दोन तास त्यांना काही करावं लागत नाही. लाल-करडा की पिवळा-करडा? दक्षिणेला लाल चालतो का? पिवळ्यावर पानाची पिंक दिसते. लालवर दिसत नाही, पण म्हणूनच लोक थुंकतात. भाऊ प्रत्येकाकडं बघून मान हलवतात. ‘ताईंचा मुद्दा बरोबर आहे. काकाही चुकीचं बोलत नाहीत.’

एवढ्यात मागच्या रांगेतून पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले काका उठतात. ‘रंगाचं राहू द्या. खाली काय घालणार?’ सभेत शांतता पसरते. काका सांगू लागतात. आयएस १५६५८ नावाचं मानक आहे. निवासी वसाहतीतल्या हलक्या वाहतुकीला त्यात ६० मिलिमीटर जाडीचा, एम-३५ ग्रेडचा ब्लॉक सांगितलाय. पण आपल्याकडं रोज दहा हजार लिटरचा टँकर येतो. नुसतं पाणीच दहा टन. म्हणजे त्याच्या वाटेवर ८० मिलिमीटर हवा. माती काढा, मुरूम टाकून रोलर फिरवा, खडीचा थर द्या, त्यावर इंच-दीड इंच वाळू. कडेनं कर्ब पक्का बसवा, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. आणि पन्नास फुटांना एक फूट ढाळ चेंबरकडं.

भाऊ हे सगळं कीर्तन ऐकावं तसं हात जोडून ऐकतात. ‘साहेबांचा शब्दन् शब्द खरा. सगळं करतो. फुटाला चाळीस रुपये वाढतील.’

मग खजिनदार दुरुस्ती निधीची वही उघडतात. आदर्श उपविधींनुसार त्यासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के गोळा करायचे असतात. इमारत १९९० सालची, खर्चही १९९० सालचा, आणि ‘किमान’ या शब्दावर सर्व सभासदांचं एकमत. ‘काका, आपल्याला विमानतळ नाही करायचा,’ कुणीतरी म्हणतं. ठराव मंजूर होतो: लाल-करडा, झिगझॅग. खाली काय, याचा उल्लेख इतिवृत्तात नसतो.

मेच्या मध्यावर नारळ फुटतो. निम्मी रक्कम मटेरियलसाठी आगाऊ जाते. एका दिवसात अख्खं आवार खोदून होतं आणि भाऊ दिसेनासे होतात. आता सोसायटी त्यांना सोडून कुठं जाणार? फोन मात्र ते उचलतात, कुणी कधीही करा. ते नेहमी ‘निघालेले’ आणि नेहमी कात्रजला असतात. कामगार कधी जत्रेला गेलेले असतात, कधी लग्नाला. ब्लॉक येतात तेव्हा काका एक उचलून नखानं खरवडतात. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात. हा ब्लॉक सोमवारी ओतून गुरुवारी आलेला. भाऊ निर्धास्त. ‘त्याला पाणीच लागतं ना साहेब? पाऊस येतोच आहे.’

तो मृगात येतो. पाणी चेंबरकडं जायचं सोडून लिफ्टपाशी जमतं. टँकरच्या चाकांखाली दोन समांतर चर पडतात, पावलागणिक ब्लॉक टकटक वाजू लागतात. भाऊ छत्री घेऊन पाहणीला येतात. ‘पहिल्या पावसात बसतंच ते. एकदा बसलं की हलत नाही.’ गणपतीच्या आधी दोन माणसं पाठवून ते खड्ड्यांतले ब्लॉक उचलतात, खाली कच टाकतात, फटींत बारीक वाळू झाडून भरतात, आणि जाता जाता वार्षिक देखभालीचं कोटेशन ठेवून जातात. एकच.

भाऊंना चोर म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही. मध्यरात्री ड्रेनेज तुंबलं तेव्हा लायसन्सवाला प्लंबर फोन बंद करून झोपला होता. भाऊंची माणसं अर्ध्या तासात हजर झाली आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. वर्गणीची पावती कितीचीही फाडा, ते कमी करत नाहीत. म्हणून सासवडकडच्या त्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला अख्खी कमिटी जाते.

फाटकापासून पोर्चपर्यंत पेव्हर ब्लॉक. सगळे साधे करडे. काका टाच आपटून बघतात, आवाज नाही. कडेला खिळवून बसवलेला कर्ब. वाकून जाडी बघतात, ८० मिलिमीटर. पोरं नळीनं पाणी उडवतायत आणि ते सरळ पेरूच्या आळ्यात जातंय. मधोमध खडीनं भरलेला डंपर उभा, आणि त्याच्या चाकाखाली एक ब्लॉक दबलेला नाही.

‘भाऊ, हे सगळं तुम्हाला येतं!’ काका जवळजवळ ओरडतात.

भाऊ त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी वाढतात. ‘येतं की काका. पण हे काम मी सगळ्यात कमी दराच्या माणसाला दिलं नाही!’