वायच बाजूक हो!

देवगड तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे आंबा आणि लग्नं. सकाळी पेट्या वाशीच्या मार्केटला रवाना होतात, दुपारी मांडवात अक्षता पडतात. चाकरमानी याच दिवसांत रजा काढून गावी येतो, त्यामुळे आम्हा जामसंड्यातल्या फोटोग्राफरांचीही धावपळ याच दिवसांत. अलीकडे घराच्या खळ्यात मांडव घालून पन्नास-साठ माणसांत केलेली लग्नं पुन्हा दिसू लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण याच लग्नांची कॅमेऱ्यापायी जी फरफट चालली आहे, ती बघवत नाही. म्हणून आज स्पष्ट बोलतो. कुणाला लागलं तर लागू दे.

पहिली गोष्ट पैशांची. ‘माणसं पन्नासच आहेत, म्हणजे तुझे पैसेही निम्मेच ना?’ असं विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे. ताटावर हिशेब केटररचा होतो, फोटोग्राफरचा नाही. आठशे माणसांच्या हॉलमध्ये स्टेजवर लायटी लागलेल्या असतात, पाहुणे रांगेने येतात, नवरानवरीच्या बाजूला उभे राहतात, फ्लॅश पडला की उतरतात. ते काम दमवणारं आहे, पण ठरलेलं आहे. घरातल्या लग्नात ठरलेलं काहीच नसतं. माजघरात आई लेकीला मुंडावळ्या बांधत असते. उजेड एकाच खिडकीतून येतो. खोलीत चार माणसं, सगळी गप्प. तिथे शटर वाजलं की आई दचकून वर बघते आणि तो क्षण गेलाच. आवाज बंद करून सायलेंट शटर लावावं, तर सजावटीच्या एलईडी माळांमुळे फोटोत आडवे पट्टे उमटतात. मग पाच मिनिटं माळा बंद ठेवा म्हणून सांगावं लागतं. लांब लेन्स लावून कोपऱ्यात उभं राहण्याची सोय नसते. पस्तीसची लेन्स लावून माणसांत बसावं लागतं, आणि माणसांनी आपल्याला विसरावं लागतं. त्यासाठी आदल्या दिवशी घरी जाऊन चहा प्यावा लागतो, आजीचं नाव माहीत असावं लागतं, कुठल्या काकांचं कुणाशी बोलणं नाही हेही माहीत असावं लागतं. हे काम निम्म्या पैशांत होणार नाही.

छोटं लग्न ही शहरातून आलेली टूम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडा इतिहास आठवावा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिलं सत्यशोधक लग्न लावलं ते पुरोहिताशिवाय आणि अगदी कमी खर्चात. दीडशे वर्षं झाली त्याला. कोरोनाच्या काळात तर सरकारनेच आकडा घालून दिला. एप्रिल २०२१च्या आदेशात पंचवीस माणसं, दोन तास आणि एकच हॉल एवढीच परवानगी होती. नियम मोडला तर पन्नास हजार रुपये दंड. ते दिवस वाईट होते आणि कुणाला परत नको आहेत. पण त्या लग्नांचे अल्बम आज उघडून बघा. एकही अनोळखी चेहरा सापडत नाही. आलेला प्रत्येक माणूस फोटोत आहे आणि प्रत्येकाचं लक्ष नवरानवरीकडे आहे. लग्नाचे फोटो याहून वेगळे कशासाठी काढायचे असतात?

आता मांडवाकडे येऊ. पूर्वी आमच्याकडे नारळाच्या झापांचा मांडव असे. सावली गार, रंग निवळ. आता लालपिवळ्या कापडांनी मांडव मढवतात. त्या कापडातून गाळून आलेला उजेड नवरीच्या चेहऱ्यावर पडतो आणि चेहरा नारिंगी होतो, नवऱ्याची पांढरी शेरवानी गुलाबी दिसते. खालून तांबड्या मातीचा रंग वर फेकला जातो तो वेगळाच. अर्ध्या चेहऱ्यावर एक रंग आणि अर्ध्यावर दुसरा असला, तर कुठलंही सॉफ्टवेअर तो धड पुसू शकत नाही. त्यात मुहूर्त साडेबाराचा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो तो बरोबर साडेबारा-पावणेएकच्या दरम्यान. मांडवातून उन्हाची तिरीप थेट कपाळावर पडते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मुहूर्त बदला असं मी म्हणत नाही, ते माझं काम नव्हे. बोहल्याच्या वर तेवढं पांढरं कापड लावा आणि एका बाजूची कनात उघडी ठेवा. खर्च जवळजवळ शून्य. फुलांच्या कमानीवर हजारो रुपये घालणारी मंडळी हे ऐकून घेत नाहीत, आणि मग फोटो हातात आल्यावर विचारतात, ‘पोर अशी लाल का दिसतेय?’

अंतरपाटाचं दुखणं तर सगळ्यांत मोठं. दोघं समोरासमोर उभी आहेत, मध्ये पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मंगलाष्टकं चालू आहेत. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ झालं की भटजी अंतरपाट ओढून घेतात आणि दोघं एकमेकांकडे बघतात. सगळ्या लग्नात हा एक क्षण असा आहे, की जो पुन्हा करून दाखवता येत नाही. म्हणून मी भटजींना आधीच विचारून ठेवतो, अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार? त्याप्रमाणे दुसऱ्या बाजूला जागा धरतो. अक्षता हवेत थिजलेल्या दिसाव्यात म्हणून शटर पाचशेवर ठेवतो. एवढी तयारी करून डोळा कॅमेऱ्याला लावावा, तर अंतरपाट सरकताच पंधरा मोबाइल पुढे येतात. ज्या हाताने अक्षता टाकायच्या त्याच हातात फोन. फोटोत नवरी नाही, नवरीच्या जागी मामाच्या मोबाइलचं कव्हर.

आणि फक्त पाहुण्यांना का बोला? आम्ही कॅमेरावाले तरी कुठे मागे आहोत? असंच खळ्यातलं एक लग्न होतं. बाहेरून बोलावलेली टीम आलेली. दोन व्हिडिओवाले गिंबल घेऊन बोहल्याभोवती फिरत होते, वर ड्रोन घरघरत होता, भटजींचा आवाज कुणाला ऐकू येईना. नवरीची आजी पुढच्याच खुर्चीत बसलेली. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून तिच्यासमोर एक पाठ उभी. शेवटी तिने त्या मुलाचा शर्ट मागून ओढला आणि म्हणाली, ‘बाबा, वायच बाजूक हो. माका नात दिसणा नाय.’

नातीच्या लग्नात आजीला नात दिसत नसेल, तर तो व्हिडिओ कितीही देखणा होवो, तो फसला. जो फोटोग्राफर घरच्यांच्या आड उभा राहतो, त्याला आपलं काम कळलेलं नाही. लग्न कॅमेऱ्यासाठी थांबवायचं नसतं. ‘हार पुन्हा घाला, आता इकडे बघून हसत घाला,’ असं मंगल क्षणी ओरडणं हा तर उद्धटपणा आहे. सुटला फोटो तर सुटला. पुढचा क्षण येतोच आहे.

प्रीवेडिंगची गत काय सांगावी? लग्नाचा मुहूर्त पंचांग बघून काढतात, आणि कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरचं शूट मात्र रविवार बघून. समुद्राला रविवार कळत नाही. आमच्या खलाशांचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. म्हणजे मे महिन्यात सातला सूर्य बुडताना किनाऱ्याची पट्टी अरुंद आणि लाट पायाशी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आधी होऊन जाते, संध्याकाळी ओहोटी लागलेली असते. तेव्हा ओली वाळू दूरवर पसरते आणि आभाळ तिच्यात उतरतं. जागा एकच, माणसं तीच, पण फोटोत जमीन-अस्मानाचा फरक. हे न बघता भर भरतीत नऊवारी नेसलेल्या मुलीला शेवाळलेल्या खडकावर उभं करतात आणि ‘अजून थोडं मागे’ म्हणतात. मागून लाट येतेय याचं भान कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला नसतं. एका रीलपायी जीव धोक्यात घालायचा नाही, हे फोटोग्राफरनेच ठणकावून सांगायला हवं.

शूटसाठी किल्ल्यावर जायचं असेल, तर विजयदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड आणि लायटी घेऊन चढण्याआधी परवानगीचं विचारा. देवळाच्या आवारात गुरवांना विचारा. हापूसच्या बागेत शिरण्याआधी बागायतदाराला विचारा. मोहोर असताना फांदी वाकवून पोज देणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण त्या फांदीवर कुणाच्या तरी घरचं वर्ष लटकलेलं असतं.

खरं तर ज्या दोघांना एकमेकांशी धड बोलायला मिळालेलं नाही, त्यांना भाड्याच्या गाऊनमध्ये धुराच्या कांड्या पेटवून का उभं करायचं? साखरपुडा झाला की दोघांना देवगडच्या सड्यावर पवनचक्क्यांकडे चालायला न्या आणि दहा पावलं मागे राहा. ती दोघं बोलायला लागतात, तेव्हा फोटो आपसूक होतात.

आता जे सांगणार आहे त्याचा मला संताप येतो. ‘पोरीला जरा गोरं करून दे.’ ही मागणी जवळपास प्रत्येक घरातून येते, आणि पुष्कळदा नवरीच्या आईकडूनच. मी करत नाही. त्या दिवशी ती मुलगी हळदीने उजळलेली, जागरणाने दमलेली, आनंदाने फुललेली अशी होती. तिचा सावळा रंग तिच्या आजीकडून आलेला आहे. तो पुसला, तर फोटोत दुसरीच कुणीतरी उभी राहते. मुरमाची पुटकुळी काढून देईन, ती आठ दिवसांत जाणारच होती. रंग काढणार नाही. असं काम करून देणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरने विचार करावा, आपण त्या मुलीला तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये काय सांगतो आहोत.

आमच्या धंद्याला आणखी एक गोष्ट सुनवायची आहे. लग्न होऊन आठवडा झाला नाही तोच नवरीच्या पाठवणीचे रडतानाचे फोटो आमच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून झळकतात. विचारलं का तिला? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम सरळ आहे. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा असतो. आपण फोटो काढतो, त्यामुळे निर्माते आपण. पण हक्क त्यांचा. घरातल्या पन्नास माणसांनी विश्वासाने आपल्याला माजघरात घेतलेलं असतं. तिथलं बाहेर न्यायचं तर लेखी विचारून न्या. आणि यजमानांनीही कागदावर यावं: आगाऊ रक्कम किती, बाकी कधी, फोटो कोणत्या तारखेला मिळणार, अल्बम किती पानांचा. अल्बम हातात पडल्यावर बाकी पैशांसाठी गणपतीपर्यंत फेऱ्या मारायला लावणं हेही तितकंच वाईट.

छोट्या लग्नाचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. कोकणातल्या कुठल्याही घराच्या पडवीत जा. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो असतो. नीट बघितलं तर खांद्यापाशी दुसऱ्या कुणाचा तरी हात कापलेला दिसतो. कारण तो कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून काढलेला असतो. आयुष्यभरात त्यांचा दुसरा धड फोटो कुणी काढलेला नसतो. पन्नास माणसांच्या लग्नात प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला खिडकीजवळ खुर्चीत बसवून पाच मिनिटं देता येतात. आठशेच्या लग्नात ती देता येत नाहीत. म्हणून यजमानांनी आदल्या दिवशी फोटोग्राफरला एक यादी द्यावी: घरातली वडीलधारी माणसं, त्यांची नावं, कोण कुठे बसणार. आणि फोटोग्राफरने ते फोटो पेनड्राइव्हमध्ये टाकून मोकळं होऊ नये, छापून द्यावेत. हार्ड डिस्क न सांगता बसते. कागद पुढच्या पिढीपर्यंत पोचतो.

तर या मोसमात लग्न असलेल्या घरांना माझं सांगणं आहे. पहिली पत्रिका गावच्या दिर्बादेवीकडे ठेवाल, तेव्हा तिच्यात खाली एक ओळ छापलेली असू दे: ‘अंतरपाट दूर होऊन हार घालून होईपर्यंत मोबाइल खिशात ठेवावेत, ही नम्र विनंती.’ मांडवात ती ओळ मोठ्या अक्षरात लावा, आणि ती पाळून घ्यायला घरातला एक दांडगा मामा नेमा. आणि फोटोग्राफर ठरवताना रील बघू नका. त्याला एवढंच विचारा, मंगलाष्टकं चालू असताना तू उभा कुठे राहणार? आजीच्या पुढे असं उत्तर आलं, तर दुसरा शोधा.