गर्वहरण प्रायव्हेट लिमिटेड

कामगिरीचा आढावा हल्ली देवांनाही चुकत नाही. नॉर्स पुराणातल्या थॉरचंच घ्या. 2011 साली मार्व्हलने त्याला पडद्यावर आणलं, तेव्हा दिग्दर्शक होते शेक्सपिअर कोळून प्यालेले केनेथ ब्रॅना. त्यामुळे देव बोलायचा भारदस्त. 2013चा दुसरा भाग इतका काळवंडलेला होता, की 'द डार्क वर्ल्ड' हे नावच त्याचं परीक्षण ठरलं. हातोडा, सोनेरी केस, पिळदार दंड, सोन्याचा महाल, देवाकडे सगळं होतं. त्याची काळजी वाटावी असं मात्र काही नव्हतं.

मग कंपनीने न्यूझीलंडच्या टायका वायटीटीला पाचारण केलं. 2017च्या 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये या गृहस्थाने देवावर जप्तीच आणली. हातोडा थोरल्या बहिणीने, हेलाने, एका हाताने चुरला. केस खुद्द थॉरच्या जनकांपैकी एक असलेल्या स्टॅन ली यांनी कापले. एक डोळा गेला. अखेर राज्यही बेचिराख झालं. आणि इतकं सगळं गेल्यावर लोक म्हणू लागले, देव तसा बरा आहे हो! गल्ला सुमारे 85 कोटी डॉलर, म्हणजे दुसऱ्या भागाहून 20 कोटींनी जास्त. त्यातला सर्वांत गाजलेला विनोद सेटवर पाहुणा म्हणून आलेल्या एका मुलाने सुचवलेला. पगारी लेखकांनी याची नोंद घ्यावी.

हसता हसता या सिनेमाने अडचणीच्या गोष्टीही उरकल्या. राजाचं सोंग घेतलेला थॉरचा भाऊ लोकी स्वतःच्या हौतात्म्यावर नाटक बसवतो आणि स्वतःच ते कौतुकाने बघत बसतो. हेला महालाचं छत फोडते, तर शांततेच्या चित्रांखालून रक्तपाताची जुनी चित्रं निघतात. सोनं कुठून आलं तेही कळतं. इतिहासाची अशी रंगरंगोटी फक्त देवलोकातच होते, असं समजून आपण पुढे जाऊ.

कंपनीने यातून धडा घेतला, पण कंपन्या घेतात तसाच: विनोद चालतो, तर दुप्पट घाला. 2022च्या 'लव्ह अँड थंडर'मध्ये एकीकडे थॉरच्या प्रेयसीला, जेन फॉस्टरला, कर्करोग आणि दुसरीकडे केकाटणारे बोकड. कोणासाठी रडायचं आणि कशावर हसायचं, हे ठरेपर्यंत सिनेमा संपला. गल्लाही घसरला. आपण स्वतःचंच विडंबन होऊन बसलो, हे पुढे थॉर साकारणाऱ्या क्रिस हेम्सवर्थनेच कबूल केलं.

फरक साधा आहे. तिसऱ्या भागात हसू देवाच्या गर्वावर होतं, चौथ्यात ते त्याच्या दुःखावर सांडलं. तेव्हा गंभीर नायक बाळगणाऱ्या तमाम निर्मात्यांना विनंती: विनोदी लेखक जरूर नेमा, पण आधी नायकाकडचं काहीतरी काढून घ्या. सगळं शाबूत ठेवून केलेला विनोद म्हणजे नुसती जाहिरात.