नाण्यांना मर्यादा नाही

गाडी सापे वामन्याला क्रॉसिंगला अडकली आहे, असं कळलं की वीर स्टेशनवर एकच माणूस खूश होतो. रोह्यापासून वीरपर्यंत 2021 साली दुहेरी मार्ग झाला, त्याच्या दक्षिणेला एकेरी. या एकेरीपणाचे खरे लाभार्थी म्हणजे अण्णा. गाडी जितकी उशिरा, तितकं त्यांचं व्याख्यान लांब.

अण्णा कुणाचे कोण, हे विचारायचं नसतं. महाड-पोलादपूरकडच्या प्रत्येक वाडीत असा एक असतो. फलाटावर नवं कुलूप लावलेली बॅग दिसली की ते ओळखतात, पोरगा देशाबाहेर चालला.

"किती नेतोस?"

"तीनशे डॉलर, अण्णा."

"नोटा की कार्ड?"

"दोन्ही."

"आणि चिल्लर?"

इथे पोरगा फसतो. कारण अण्णांच्या पिशवीत अर्धा किलो श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो आणि त्यात सौदीचे हलाला, दुबईचे दिरहम, थायलंडचे भाट आणि कुणी तरी लंडनहून आणलेले दोन पौंड एकत्र नांदत असतात. डबा खुळखुळवून अण्णा आपलं लाडकं वाक्य म्हणतात, "नाण्यांना मर्यादा नाही!"

वाक्य हास्यास्पद असलं तरी खोटं नाही, हीच पंचाईत आहे. परदेशाहून आल्यावर उरलेल्या नोटा 180 दिवसांत परत करायच्या, जवळ ठेवायच्याच तर 2,000 डॉलरपर्यंत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नाणी मात्र कितीही बाळगा. आता चलनवाले नाणी हातातसुद्धा धरत नाहीत; मग सरकारने तरी मर्यादा घालून करायचं काय? पण अण्णांना ही सवलत खास त्यांच्या डब्यासाठी दिल्यासारखी वाटते. वाढदिवस, बारसं, ग्रामपंचायतीची सभा, कुठेही ते ती जाहीर करतात. एकदा तेराव्याच्या जेवणालाही केली होती.

बाकीचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ. बहुतेक देशांसाठी एका फेरीला परकीय नोटा 3,000 डॉलरपर्यंतच, वरचं कार्डावर. चलन घेताना रोख रुपये 50,000 च्या आत, त्यापुढे चेक नाहीतर खात्यातून. प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून घेता येतं. जाताना भारतीय रुपये 25,000 पेक्षा जास्त नाहीत. आणि जीएसटी? पाच हजारांचं चलन घ्या नाहीतर पंचवीस हजारांचं, कर 45 रुपयेच. "म्हणून थोडं थोडं चारदा घेऊ नये," हे सांगताना त्यांचा चेहरा नाना फडणवीसांसारखा होतो.

पुण्याहून दुबई-बँकॉकची थेट विमानं सुरू झाल्यापासून अण्णांनी महाडचा एसटी स्टँडही आपल्या कक्षेत घेतला. पोलादपूरचं एक नवं जोडपं बँकॉकला निघालं होतं. भाट दोन दिवस आधी पुण्यात शहरातच घ्या, चार ठिकाणी भाव विचारा, असं अण्णांनी बजावलं होतं. जोडप्याला दुसरे उद्योग होते. लोहगावला विमानतळावर पोचल्यावर त्यांना भाट आठवले. एका काउंटरवर 'कमिशन शून्य' अशी पाटी दिसली, तिथेच त्यांनी पैसे मोजले. परतल्यावर सत्यनारायणाला अण्णांना बोलावलं. अण्णांनी प्रसादाचा शिरा हातात घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "कुठल्या रेटने?"

नंतरचा पाऊण तास भटजीही ऐकत बसले. कमिशन शून्य म्हणजे देवळात दानपेटी ठेवायची नाही, पण दारातला नारळ दुप्पट भावाने विकायचा. विकायचा भाव वेगळा, परत घ्यायचा वेगळा, मधलं अंतर त्यांचं. आणि रात्री अडीचला विमान गाठणाऱ्याला दुसरं दुकान नसतं, म्हणून तिथे ते अंतर रुंदावतं. परदेशात कार्ड घासताना यंत्र प्रेमाने विचारतं, रुपयांत भरणार का? तर नाही म्हणायचं. तिथल्या चलनातच भरायचं, नाहीतर दुकानदाराच्या यंत्राचा भाव आपल्या बोडक्यावर बसतो. हे सगळं खरं. पण नव्या नवरीला सत्यनारायणाच्या दिवशी हे ऐकायचं नव्हतं. शेवटी तिने वाटीतली उरलेली नाणी आणून अण्णांच्या हातावर ठेवली, तेव्हा कुठे आरती झाली.

सावित्रीकाठच्या गावांतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात जात आली. एके काळी तिकडे भारतीय रुपयाच चालायचा. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या. 1961 मध्ये कुवेतने दिनार आणला, 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्या बहुतेकांनीही हळूहळू हात सोडला. अण्णा हे असं सांगतात, जणू त्या नोटा त्यांनी स्वतः खर्चून पाहिल्या.

अण्णा एकदाही परदेशी गेलेले नाहीत, हे वाडीला ठाऊक आहे. त्यांच्याकडे पासपोर्ट आहे, हे मात्र पडताळणीला आलेल्या हवालदाराकडून कळलं. तीनदा नवा केलेला. आत एकही शिक्का नाही.

पहिला 1990 चा. दासगावच्या दोस्ताने कुवेतला नोकरी बघून दिली होती. व्हिसा आला, बॅग भरली, नवं कुलूपही घेतलं. 2 ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. एक लाखाहून जास्त भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी परत आणलं, त्यांत तो दोस्तही होता. अम्मानहून आला. इराकने कुवेती दिनार चलनातूनच काढून टाकला होता; त्याच्या खिशातल्या नोटा घ्यायला कुणी तयार होईना. नाण्यांचा तर प्रश्नच नव्हता. ती त्याने अण्णांना दिली.

त्यानंतर अण्णा कुठे गेले नाहीत. पोचवायला मात्र सगळ्यांना गेले.

परवा रात्री दोन वाजता त्यांचा फोन वाजला. पोलादपूरचाच एक पोरगा बँकॉकला उतरला होता, एटीएम त्याचं कार्ड घेईना. दुसरा कुणी असता तर झोपमोडीबद्दल शिव्या दिल्या असत्या. अण्णा उठून बसले, चष्मा लावला. 2020 पासून नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच मिळतात, परदेशासाठी आपण सुरू करावी लागतात. अ‍ॅप उघड, कार्डात जा, आंतरराष्ट्रीय वापर चालू कर, एटीएमच्या मर्यादेचा आकडा भर. पोराला पैसे मिळेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "चिल्लर घेऊन ये."

पण हल्ली पोरं रिकाम्या हाताने येतात. सगळं कार्डावर, फोनवर. डबा वर्षभर तसाच आहे.

फलाटावरच्या त्या पोराला अण्णांनी एक दिरहम दिला, कॉफीच्या किटलीचं चित्र असलेला. दुबईच्या मॉलमध्ये ट्रॉली सोडवायला लागतो. पोराने डब्याच्या तळाशी बोट घालून दुसरं एक नाणं वर काढलं. त्यावर शिडाचं गलबत होतं, दासगावच्या बंदरात पूर्वी लागायची तसलं.

"हे कुठलं, अण्णा?"

"ते कुवेतचं. ते ठेव." अण्णांनी झाकण लावलं आणि रुळांकडे पाहिलं. "गाडी आता सुटली असेल. दहा मिनिटं आहेत. रोमिंग चालू केलंस?"