खवय्येपदाचा राजीनामा

मराठी कुटुंबात काही पदं बिनविरोध भरली जातात. कार्यात हटकून रुसणारे एक काका असतात, सगळ्यांच्या जन्मतिथी तोंडपाठ असणारी एक आत्या असते आणि एक जण खवय्या असतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. लहानपणी कधीतरी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या की घराणं कायमची नोंद करून टाकतं. आमच्याकडे हे पद बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आमरस काढला की पहिला फोन मला येतो. मावशी अनारशांचा डबा माझ्या नावानं बाजूला ठेवते.

अशा माणसाला डॉक्टर आठ किलो कमी करायला सांगतात. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न फक्त आठ किलोंचा असतो. आमच्या दृष्टीनं तो पदत्यागाचा असतो. वजन उतरेलही, पण मग मी कोण? अनारशांच्या डब्याचं काय?

या प्रश्नाला कुठलंही डाएट हात घालत नाही. दीक्षितांच्या पद्धतीत दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं असतं. मनगटावरचं घड्याळ 10,000 पावलं मागतं. 1965 साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. तो तिथून निघाला तो थेट आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोचला. रात्री साडेअकराला तिथे येरझारा घालणारा माणूस चोर नसतो, त्याची सहाशे पावलं राहिलेली असतात, हे आता वॉचमनलाही कळतं. पण घड्याळ फक्त किती चाललात ते विचारतं. तुम्ही कोण, हे विचारत नाही. ते विचारायला पंगत लागते.

गावच्या जत्रेत मी एकदा एका मामांशेजारी जेवायला बसलो होतो. मामा माळकरी. पलीकडे पुण्याहून आलेला एक भाचा, हल्लीच डाएट सुरू केलेला. वाढपी तांबड्या रश्श्याची बादली घेऊन आला. मामांकडे त्यानं नुसतं पाहिलं, गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि 'माळकऱ्यांची आमटी आणा रे' अशी आत हाक दिली. मामांना बोलावंसुद्धा लागलं नाही. भाच्यानं मात्र ताटावर आडवा हात धरला आणि कॅलरी, कोलेस्टेरॉल असं बरंच काही सांगितलं. वाढपी शांतपणे ऐकत राहिला आणि 'जत्रा काय रोज असती व्हय?' म्हणत त्यानं पसरलेल्या बोटांच्या फटीतून रस्सा ओतला. भाच्यानं बोटं चाटली आणि मग भाकरी चुरली.

मामांचा निग्रह भाच्यापेक्षा मोठा होता असं मी म्हणणार नाही. मामांना त्या दिवशी निग्रह करावाच लागला नाही, एवढंच. माळ घातली त्या दिवशी तो एकदाच केला, तोही चारचौघांत. त्यानंतर राखण गावानं केली. माळकऱ्याला पाजणारा आपणही पापाचा धनी होतो या धास्तीनं पक्का दारुडासुद्धा त्याच्यापुढे बाटली काढत नाही. भाचा 'खाऊ की नको' हा खटला दर ताटाला नव्यानं लढवत होता, आणि समोर आग्रहासारखा कसलेला वकील. हेच मामा आषाढात आळंदीहून पंढरपूरला अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालतात. वाटेत मनगट बघताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

आपल्या जुन्या लोकांना खवय्याच्या मनाचीही कदर होती. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडायचं, पण त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. भजी, थालीपिठं, भरली वांगी, सगळं मनसोक्त खाऊन घ्यायचं. एवढा रीतसर निरोप समारंभ झाल्यावर माणूस हसतमुखानं पायउतार होतो.

नुसती शपथ मात्र कोरडीच असते. 1888 साली विलायतेला जाण्याआधी मोहनदास गांधींनी आईसमोर मद्य, मांस आणि स्त्रीसंग वर्ज्य केला. लंडनमध्ये बेचव उकडलेल्या भाज्यांवर पोट भरेना, तरी शपथ पाळली. मनातून मात्र मांसाहारच बरा असं त्यांना वाटत होतं. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं. तिथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक विकत घेतलं. ते वाचल्यावर आईला दिलेला शब्द त्यांचा स्वतःचा झाला. मग बेजवॉटर भागात त्यांनी शाकाहारी मंडळच काढलं. कवी एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष, चिटणीस स्वतः गांधी. माझ्या मते इथे परतीची वाट बंद झाली. नुसता सभासद एखादे दिवशी कटलेट खाईल. चिटणीस कुठल्या तोंडानं खाणार?

अर्थात नुसती पाटी लावूनही भागत नाही. आमच्या ओळखीत एक 'रनर' आहेत. बूट, पट्टा, घाम टिपायचं मनगटबंद, सगळं साहित्य आहे. बूट फक्त भाजी आणायला बाहेर पडतात. कारण ते रनर आहेत हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊकच नाही, त्यामुळे न धावल्याचा जाबही कुणी विचारत नाही. पद चार लोकांच्या उपयोगी पडावं लागतं, तरच ते लोक आपल्याला त्यावर टिकवून धरतात.

घराणं माझा राजीनामा इतक्यात मंजूर करेल असं दिसत नाही, म्हणून मी बाहेर दुसरं पद स्वीकारलं आहे. सकाळी टेकडीवर जाणाऱ्या आमच्या मंडळींचा मी खजिनदार आहे. म्हणजे खाली उतरल्यावरच्या चहाचे पैसे गोळा करतो. एक दिवस दांडी मारली तर हिशेब बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून माझा हिशेब करतात. वजनकाट्याला मी कधी एवढा घाबरलो नव्हतो. त्यातून दोघांकडे गेल्या महिन्याची बाकी आहे आणि मी दिसलो की ते भलतेच भरभर चढू लागतात. अलीकडे माझा दम वाढला आहे असं डॉक्टर म्हणाले. श्रेय त्यांच्या गोळ्यांना गेलं. वसुली अजून बाकी आहे.