पडन का हो सर?

सर खुर्चीवर बसत नाहीत, आधी खुर्चीची परीक्षा घेतात. पाठ दाबून पाहायची, एखादा पाय कुरकुरतो का ते ऐकायचं, मग दोन्ही हातांवर अर्धं वजन टाकायचं आणि खुर्ची तोंडी परीक्षेत पास झाली की उरलेलं वजन हप्त्याहप्त्याने सुपूर्द करायचं. तोवर यजमानीणबाईंचा चहा गार झालेला असतो.

वऱ्हाडातल्या दर दोन-चार कुटुंबांमागे असा एक निवृत्त इंजिनिअर असतोच. आमचे सर अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. कॉलेज १९६४ चं, पण पदवी नागपूर विद्यापीठाची. अमरावती विद्यापीठ निघायला १९८३ उजाडलं. पुढे जन्मभर त्यांनी पोरांना 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवलं. पोरं नुसतं 'स्ट्रेंथ' म्हणत, आणि सरांची काडीसारखी तब्येत बघता ते अर्धं नावही वर्गात हशा पिकवायला पुरत असे.

लग्नाचा मांडव असो की गच्चीवरची टाकी, लोकांचा प्रश्न एकच: "पडन का हो सर?" उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं आजवर कुणाला मिळालेलं नाही. सर १६३८ पासून सुरुवात करतात.

गॅलिलिओ म्हटलं की आपल्याला दुर्बीण आठवते. सरांना तुळई आठवते. नजरकैदेतल्या त्या म्हाताऱ्याचं शेवटचं पुस्तक १६३८ साली हॉलंडमध्ये लायडनला छापलं गेलं. भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगलं तर ती कधी मोडेल, याचा हिशेब त्यात आहे. "अन् चुकला ना बाप्पा!" असं म्हणून सर आनंदाने मांडी थोपटतात. अशा तुळईचे वरचे तंतू ताणले जातात आणि खालचे दाबले जातात. गॅलिलिओने सगळेच सारखे ताणलेले धरले, त्यामुळे ताकद तिप्पट निघाली. कुलों या फ्रेंच इंजिनिअरने १७७३ साली हा हिशेब नीट लावला. म्हणजे शंभरावर वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात तुळया काय मोडायच्या थांबल्या होत्या? फळी आडवी टाकण्यापेक्षा उभी धरली तर किती जास्त तोलते, हे मात्र गॅलिलिओने बरोबर सांगितलं होतं, हेही सर कबूल करतात. दुसऱ्याची चूक तिपटीने सांगायची आणि श्रेय चोख द्यायचं, हा त्यांचा हिशेब मला आवडतो.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब बघायला त्यांच्यासोबत जाऊ नये. सगळे पोराला टाळ्या देतात. सर खांब जमिनीत शिरतो ती जागा निरखत बसतात. "सगळ्यात जास्त मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, तिथं. म्हणून खांब खाली जाड, वर बारीक. मल्लखांब रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांनी काय गॅलिलिओ वाचला होता?" वर दोरीवर पोरगं उलटं लटकलेलं असतं, आणि सर त्याच्याकडे नाही, कडीकडे बघत असतात. घरच्या बंगईवरही तिसरं माणूस टेकलं की सर उठतात. पाहुण्यांना वाटतं, केवढा आदर.

मोठ्या नावांवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी त्यांनी नाविए राखून ठेवलेला आहे. तुळईचं आजचं शास्त्र १८२६ साली पुस्तकात बसवणारा हा फ्रेंच माणूस. त्याच वर्षी पॅरिसात सीन नदीवरचा त्याचा झुलता पूल पुरा होत आला होता. पाण्याचा नळ फुटला, जमीन भिजली, साखळ्या धरून ठेवणारं बांधकाम सरकलं आणि अख्खा पूल उतरवावा लागला. "गणित बरोबर होतं," सर म्हणतात, "पण जमिनीनं ते वाचलं नव्हतं."

जमिनीचं हे शहाणपण अकोल्याच्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये. तिथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण सरांच्या अकोल्याच्या साडूंनी नव्या पोर्चच्या बीमखाली, अगदी मधात, एक जादा कॉलम टाकायचं ठरवलं. दोन टोकांना दोन होतेच. "मधात एक असला की मजबूत होते ना साडूभाऊ! दिसतेही चांगलं."

सरांनी फोनवरच गॅलिलिओच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. संगमरवराचा एक भला मोठा खांब दोन टोकांना दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. कुणीतरी हुशारी करून मधोमध तिसरा टेकू दिला. काही महिन्यांनी खांब मोडला, तोही बरोबर त्या तिसऱ्या टेकूवर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, आणि मधला जागचा हलायला तयार नव्हता.

साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते संगमरवराचं झालं. आपलं आरसीसी आहे."

कॉलम उभा राहिला. साडू रोज सकाळी गाडी धुवायचे, ते पाणी मधल्या कॉलमच्या बुडाशी मुरायचं. टोकाचे दोन्ही उन्हात. दुसऱ्या उन्हाळ्यात टोकं आटत्या मातीबरोबर खाली बसली, मधला ओल्या मातीवर तसाच ताठ. बीममधल्या सळ्या खालच्या अंगाला, ताण आला वरच्या अंगाला. मधल्या कॉलमच्या बरोबर वर तडा गेला.

सर पहिल्या गाडीने अकोल्याला गेले. एवढे खूश त्यांना मुलीच्या लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं. तड्यात पोस्टकार्ड घालून पाहिलं, शिडीवरून फोटो काढले, मेहुणीने केलेल्या पाटोडीला हातही लावला नाही. साडू कोपऱ्यात पेपरात तोंड खुपसून बसले होते.

मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन तयार होता. "तोडू का हा मधातला?"

"एकदम नाही! आता बीमचं वजन याच्यावर आलं आहे. आधी दोन्हीकडून जॅक लावा, वजन उचला, मग."

"अन् नाही तोडला तर? पडन का हो सर?"

सरांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, दाबून पाहिली, नापास केली आणि पायरीवर बसले. "त्याचं असं आहे... १६३८ साली..."

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला, तंबाखूची पुडी काढली आणि भिंतीला टेकला.

"सांगा सर, सावकाश सांगा. आजची रोजी तर लागलीच."